सोलर पंपाच्या प्लेटांवरची सावली डिसेंबरच्या आत काढा

भातकापणीच्या घाईत पूर्ण वाचायला सवड नसेल तर निदान एवढं करा. उद्या सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला सोलर पंपाच्या प्लेटांसमोर पाच-पाच मिनिटं उभे राहा. झावळीची, केळीच्या पानाची, टाकीची, वायरीची सावली एका जरी प्लेटेवर दिसली, तरी ती याच आठवड्यात काढा. झाड दक्षिणेला असेल तर ती सावली २२ डिसेंबरपर्यंत रोज वाढत जाणार आहे.

पौष-माघात रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत तीच तक्रार कानावर येते. कलिंगडाला फळ धरलं आणि ठिबकच्या शेवटच्या ओळीत पाणी पोचेना. कातळावरची दोन वर्षांची कलमं सुकली. मग मोटार वर काढतात, दुकानदार नवीन कंट्रोलर, म्हणजे प्लेटांची वीज मोटारीला देणारी पेटी, गळ्यात मारतो आणि पाणी तरीही येत नाही. प्लेटांवर मात्र दहा वाजेपर्यंत माडाची सावली तशीच पडलेली असते. पीक हातचं गेल्यावर हे कळून काय उपयोग?

पंपाची जागा पाहायला माणसं बहुधा एप्रिल-मेमध्ये येतात. त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावर असतो. रत्नागिरीच्या आसपास तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ‘इथे सावलीच नाही’ असं सगळ्यांनाच वाटतं आणि प्लेटा बसतात. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि माथ्यावर आला तरी जेमतेम ५० अंशांवर राहतो. तेव्हा ५० फुटी माडाची सावली भरदुपारीसुद्धा ४२-४३ फूट उत्तरेकडे पडते. सकाळी साडेनऊला तीच वायव्येकडे ८५ फुटांपर्यंत जाते आणि दुपारी साडेतीनला ईशान्येकडे तेवढीच. कोकणात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. म्हणून घड्याळाच्या या वेळा सांगितल्या. आग्नेय, दक्षिण आणि नैर्ऋत्य या बाजूंना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळं हवं, हा माझा ठोकताळा.

एवढ्याशा सावलीने काय होतंय, असं म्हणू नका. प्लेटेतले सेल, म्हणजे काचेखालचे वीज बनवणारे छोटे तुकडे, एकामागोमाग एक जोडलेले असतात. पाटाच्या तोंडाशी धोंडा अडकला की पुढच्या सगळ्या आळ्यांचं पाणी तुटतं, तसंच एका सेलवर सावली आली की त्या ओळीचा प्रवाह अडतो. यावर उपाय म्हणून प्लेटेच्या मागच्या डबीत बहुधा तीन डायोड असतात. सावलीतला तिसरा हिस्सा वगळून ते बाकीची वीज पुढे जाऊ देतात. म्हणजे एका सेलवरच्या सावलीने त्या प्लेटेची तिसरा हिस्सा वीज जाते. सावली प्लेटांच्या खालच्या कडेला आडवी, सगळ्या प्लेटांवर सारखी पडली तर हाल वेगळे. जुन्या पद्धतीच्या उभ्या बसवलेल्या प्लेटांत तेव्हा तिन्ही हिस्से एकदम अडतात आणि वरच्या भागात लख्ख ऊन असूनही मोटार बसते. अर्ध्या सेलांच्या नव्या प्लेटांत वरचा अर्धा भाग चालू राहतो, पण निम्मी वीज जातेच. रोज त्याच सेलवर सावली पडत राहिली की तो तापतो, तपकिरी पडतो, कधी काचही तडकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वीज निम्मी झाली म्हणजे पाणी निम्मं येईल, हा हिशेब चुकीचा आहे. निम्म्या विजेवर पंपाचा वेग साधारण ८० टक्के राहतो, पण पाणी वर चढवण्याची ताकद ६४ टक्क्यांवर येते. पूर्ण वेगात जास्तीत जास्त १५० फूट पाणी चढवणारा पंप अशा वेळी ९६ फुटांच्या वर चढवत नाही. आपल्याकडे विहीर खाली वहाळाकाठी आणि कलमं वर कातळावर. तिथे १०० फुटांचा चढ असेल तर मोटार फिरताना ऐकू येते आणि पाइपातून थेंब येत नाही. मोटार बिघडली म्हणून धावाधाव होते ती इथेच.

सावली कशाकशाची पडते ते नीट बघा. माड-आंबा सगळ्यांना दिसतात, बाकीचं नजरेतून सुटतं. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे ज्यांनी उघड्या पडलेल्या जागेत प्लेटा बसवल्या, त्यांनी २०२० नंतर लावलेले माड-पोफळी आता किती वर गेल्यात ते पाहावं. ओलाव्याला म्हणून प्लेटांच्या कडेला लावलेली केळ किंवा शेवगा एका पावसाळ्यात वर जातो. प्लेटांच्या सांगाड्यावर तोंडली-दुधीचे वेल चढवलेले दिसतात, ते आजच उतरवा. भाताची उडवी प्लेटांच्या दक्षिणेला रचू नका. माकडांसाठी लावलेली जाळी प्लेटांच्या वरून गेली असेल तर बाजूला घ्या.

आणि खालच्या कडेची घाण. दव पडायला लागलं की धूळ ओघळून चौकटीच्या खालच्या पट्टीशी साचते, पावसाळ्यातलं शेवाळ तिथेच धरून असतं. ही पट्टी म्हणजे त्या आडव्या सावलीचंच काम करते आणि ती दुपारीही हटत नाही. दव सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी सकाळी, प्लेटा थंड असताना, साध्या गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी वापरू नका, क्षाराचे डाग बसतात. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा खरवडू नका, भिजवून काढा.

झाड मुळासकट तोडायची गरज सहसा पडत नाही. आंबा, ऐन, किंजळ तोडायला परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पुढे कवळ (पानांसकट बारीक फांद्या) तोडणारच असाल, तर प्लेटांच्या दक्षिणेकडच्या झाडांची कवळं आत्ताच तोडा. माडाच्या पिवळ्या पडलेल्या, लोंबणाऱ्या झावळ्याच काढा. हिरव्या झावळ्या तोडल्या तर उत्पन्न घटतं. माड अगदी आड येत असेल तर प्लेटा हलवणं परवडतं, पण ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. उन्हात जोडलेल्या प्लेटांच्या वायरींत काहीशे व्होल्ट असतात, त्यांचे सांधे स्वतः उघडू नका.

फरक पडला का ते पिंपाने मोजा. निरभ्र दिवशी सकाळी दहाला २०० लिटरचं पिंप किती मिनिटांत भरतं ते लिहून ठेवा. फांद्या काढल्यावर त्याच वेळी पुन्हा मोजा. या मोजणीआधी पंपासाठी एक रुपयाही खर्च करू नका. काचेवरचा महाग लेप, प्लेट धुण्याचं खास द्रावण, ‘पॉवर वाढवणारी’ पेटी, यांतलं काहीही झाडाची सावली हटवत नाही. ‘दोन प्लेटा जादा लावा’ हा सल्ला तर घातक आहे. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की कंट्रोलर जळतो आणि हमीही जाते. सरकारी योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी विम्यासह असते. आधी त्या हमीखाली लेखी तक्रार करा.

बाकीची कामं:

– भात: ८० ते ९० टक्के दाणे पिकले की कापणी. ८-१० दिवस आधी खाचरातलं पाणी काढा. वैभव विळ्याने जमिनीलगत कापा.
– आंबा: नव्या पालवीवर तुडतुडे दिसले तर डेल्टामेथ्रीन २.८ टक्के प्रवाही, ९ मिली १० लिटर पाण्यात. दुकानदार त्यात आणखी दोन बाटल्या मिसळायला सांगेल, घेऊ नका.
– आंबा, फळधारणेनंतर: दर १५ दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, ३-४ पाळ्या. यासाठी लागणारं पाणी पंप देतो का, ते आत्ताच पिंपाने मोजून ठेवा.
– नारळ, सुपारी: आळ्यांत नारळाच्या सोडणांचं आणि पाचोळ्याचं आच्छादन.
– कलिंगड: पेरणी पंपाची खात्री झाल्यावरच.

ज्यांचे पंप अजून बसायचे आहेत त्यांनी जागा ठरवायला येणाऱ्याला दक्षिणेकडची झाडं स्वतः दाखवावीत आणि त्यांची उंची पाहणीच्या कागदावर लिहून घ्यावी. विहिरीपासून थोडी लांब, पण मोकळी जागा मिळत असेल तर तीच घ्या. जादा वायरीचा खर्च एकदाच होतो. सही करण्याआधी जागेच्या दक्षिणेला येत्या पाच वर्षांत आपण काय लावणार आहोत, तेही घरात बोलून घ्या.