शेवटच्या चावीचं (नळाचं) पाणी: आपल्या गल्लीतल्या पाण्यावर आपणच लक्ष कसं ठेवायचं

मागं एकदा आमच्या गल्लीत तीन आठवडे पाण्याला गटारीचा वास मारत होता. पाणी आलं की पहिली पाच-सात मिनिटं पिवळट, मग ठीक. सगळ्यांनी काय केलं तर बाटलीचे फोटो काढून ग्रुपवर टाकले, त्याखाली रागाच्या इमोज्या पडल्या, संपलं. शेवटी गल्लीतल्या एका काकूंनी कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या घरी. आठ दिवसांत दिसलं की वास फक्त एका बाजूच्या सहा घरांत येतोय आणि तोही पाणी सुटल्या सुटल्या. तिथं खणलं तर पाडलेल्या एका जुन्या घराचं कनेक्शन बंदच केलेलं नव्हतं, पाईपचं तोंड सरळ गटारीत. म्हणजे फोटोनं जे झालं नाही ते कॅलेंडरनं झालं बघा.

तर कसं करायचं ते सांगतो.

पहिलं, आपलं पाणी येतं कुठनं ते माहीत करून घ्या. कोल्हापुरात २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आली, त्याआधी बालिंगा-शिंगणापूरचे नदीवरचे उपसे होते. पुईखडीला आणि बावड्याला शुद्धीकरण होऊन पाणी टाक्यांत जातं, टाकीतनं गल्लीत. हे सगळं आपल्याला पाठ असायची गरज नाही, पण दोन गोष्टी चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाला, नक्की विचारा: आमच्या भागाला कुठल्या टाकीचं पाणी, आणि या लाईनवरचं शेवटचं घर कुठलं. चावीवाल्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्या नकाशात नसतं, त्याला चहा पाजा आणि नीट बोला.

शेवटचं घर का, तर फिल्टर हाऊसमधनं निघताना पाणी बहुतेक वेळा चांगलंच असतं आणि रिपोर्टही तिथलाच चांगला येतो. पण आपल्याकडं पाणी दिवसातनं काही तासच सुटतं, बाकी वेळ पाईप रिकामी किंवा बिनदाबाची, आणि जुनी गंजलेली कनेक्शनं गटारीतनं गेलेली. दाब गेला की बाहेरची घाण भेगेतनं आत ओढली जाते. त्यात कोण चावीला डायरेक्ट मोटर लावतो, म्हणजे ओढायला आणखी जोर. (मोटर लावणारा आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त ओरडणारा माणूस पुष्कळदा एकच असतो, असो.) क्लोरीन पण वाटेत संपत जातो. म्हणून तपासायचं ते शेवटच्या चावीचं पाणी.

दुसरं काम क्लोरीन बघायचं, हे घरी होतं. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचं किट मिळतं, स्विमिंग टँकचं सामान विकणाऱ्यांकडं किंवा ऑनलाईन. गावाकडं जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकल्यावर जी टेस्ट करतो तीच. घरच्या टाकीतलं नाही, थेट चावीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, लगेच पिवळा रंग किटवरच्या रंगाशी जुळवायचा आणि ते पाणी ओतून टाकायचं, कुणी प्यायचं नाही. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५००, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे. रंगच आला नाही तर एकतर क्लोरीन पोचत नाहीये नाहीतर मधे घाण मिसळून तो खर्च होतोय, दोन्ही वाईटच. आठवड्यातनं दोनदा करा, वहीत तारीख, वेळ, घर, रंग, वास, गढूळपणा. महिनाभर. कंटाळा येतो, पण पुढचं सगळं या वहीवर उभं राहतं.

टीडीएस मीटरवर मात्र अवलंबून राहू नका. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे वगैरे, पण गटारीचं पाणी मिसळलं तरी आकडा छान दिसू शकतो, जंतू त्याला कळत नाहीत. आणि प्युरिफायर विकायला येणारा तो पोरगा पाण्यात दोन सळ्या घालून करंट सोडतो आणि पाणी तपकिरी होतं ना, ती घाण पाण्यातली नसते, लोखंडाची सळीच गंजून पाण्यात उतरते. आमच्या आत्याला त्यानं असंच घाबरवलं होतं.

तिसरं, सॅम्पल लॅबला द्या. इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, कोल्ड्रिंकची बाटली विसळून त्यात पाणी भरून नेतात आणि मग रिपोर्ट कुणी मानत नाही. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लॅबकडनंच घ्यायची, ती विसळायची नाही, आत क्लोरीन मारायचं औषध असतं ते धुऊन जातं. चावीचं तोंड पुसून, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ देऊन, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता भरायची, वर थोडी जागा सोडायची, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रासायनिक तपासणीला वेगळा स्वच्छ कॅन, तो मात्र त्याच पाण्यानं विसळायचा. रिपोर्टमधे आधी ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतनं येणारे जंतू, बघा: १०० मिलिलिटरमधे एकही नको, इथं थोडंसं चालतं असं काही नसतं. मग गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत. जिल्ह्यात सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत, जल जीवन मिशननंतर त्या सामान्य लोकांनाही खुल्या केल्यात, आधी फोन करून फी आणि वेळ विचारून जा.

आणि हो, गल्लीत कावीळ निघाली आणि आजचं सॅम्पल क्लीन आलं म्हणून पाण्याचा दोष नव्हता असं समजू नका. कावीळ दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन आठवड्यांनी, कधी महिना-दीड महिन्यानं दिसते, तोवर लाईन साफ झालेली असू शकते. २०१२ला इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. गरोदर बाई घरात असेल तर पाणी खळाखळा उकळूनच द्या, त्यात चर्चा नको.

आता तक्रार. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला, तोंडी नाही, लेखी, वहीच्या झेरॉक्ससह, आणि पोच घ्यायचीच. 'पाणी घाण येतंय' एवढंच लिहिलं तर त्यावर कोण काय करणार? 'अमुक ते अमुक घर, पाणी आल्यावर पहिली सात मिनिटं, क्लोरीन शून्य, या या तारखा' असं लिहिलं की खणायचं कुठं ते त्यांनाही कळतं.

काही हललं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, हा महाराष्ट्राचा नियम आहे. 'पाणी घाण का येतं' असं विचारू नका, 'का'ला उत्तर येत नाही, कागद मागा. असं लिहा: अमुक टाकीवरच्या वितरण भागातल्या मागच्या ६ महिन्यांच्या क्लोरीन तपासणीच्या नोंदी, नमुना घेतल्याच्या ठिकाणासह, त्याच काळातले जंतू तपासणीचे रिपोर्ट, ज्या ठिकाणी नमुना अयोग्य आला तिथं केलेल्या कार्यवाहीची नोंद. 'ठिकाणासह' हा शब्द विसरू नका, सगळी गोम तिथं आहे, कारण नमुने रोज एकाच सोयीच्या चावीवरनं घेतले असतील तर ते लगेच दिसतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणखी एक, फार लोकांना माहीत नसतं, या कायद्यात नुसत्या झेरॉक्स नाहीत, कामाची आणि रेकॉर्डची प्रत्यक्ष पाहणी मागता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. चौघं मिळून रजिस्टर बघायला गेलात तर तासाभरात जे कळतं ते वर्षभर भांडून कळत नाही.

गावात राहत असाल तर काम सोपंय. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीवरनं लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, पावसाळ्याआधी आणि नंतर. आपलं कुठलं ते ग्रामसभेत विचारा. पाच बायकांना फील्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं असतं, त्या पाच कोण आणि किट कुणाच्या कपाटात आहे तेही विचारा, पुष्कळ वेळा किट सील फोडायचंच राहिलेलं असतं.

राहिला महापूर. २०१९ला आणि २०२१ला उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि आख्खं शहर टँकरवर आलं. टँकरच्या पाण्यालाही तेच किट लावा, ड्रायव्हरसमोरच, तो काही चिडत नाही, उलट बघत उभा राहतो. पुरानंतर चावीला पहिल्यांदा पाणी आलं की भरायची घाई करू नका, जाऊ द्या थोडं, टाकी धुवून घ्या, क्लोरीन दिसेपर्यंत उकळून प्या आणि वहीत नवीन पान सुरू करा.