दुधीची कळी पिवळी पडून गळते? संध्याकाळी परागीकरण करा

गच्चीवर दुधीचा वेल मांडवभर पसरतो, फुलंही येतात, पण बोटाएवढी दुधी पिवळी पडून गळून जाते. लगेच खत घालू नका. बहुतेक वेळा नर फुलातले परागकणच मादी फुलापर्यंत पोहोचलेले नसतात.

आधी फुलं ओळखा. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लव असलेली इवलीशी दुधी आधीच दिसते, तेच अंडाशय, म्हणजे पुढे फळ होणारा भाग. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून ही खटपट संध्याकाळीच करा. (लाल भोपळ्याचं मात्र उलट, त्याला भल्या सकाळी गाठायचं.) ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पुंकेसरांचा (परागकण असलेला) दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर, म्हणजे परागकण झेलणाऱ्या भागावर, हलक्या हाताने फिरवा. कुक्षीच्या सगळ्या पाळ्यांना पिवळी पूड लागली पाहिजे. एकाच बाजूला लागली तर फळ वाकडं भरतं. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरलेली बरी.

चार-पाच दिवसांत दुधी हिरवीगार राहून फुगू लागली, की फळ धरलं. फुलोऱ्यात असताना वेलावर कीटकनाशक मारू नका. पतंग आणि मधमाश्या हेच काम फुकटात करतात.