घर विकताना व्हिडिओवर दाखवावं का, आणि दाखवायचं तर कसं

गेल्या बारा वर्षांत पुण्यात माहेरची, सासरची आणि आमची स्वतःची मिळून पाच घरं मी विकली. एक नारायण पेठेतलं, एक बिबवेवाडीचं, एक कर्वेनगरचं आणि दोन वाकडची. "मॅडम, दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवून ठेवा ना, पार्टी एकदम जेन्युइन आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एजंटने "मॅडम" म्हणताच पुढचं मला कळतं. सल्ले देणाऱ्यांचे दोनच पंथ आहेत. एक म्हणतो व्हिडिओशिवाय आता घर विकलंच जात नाही, दुसरा म्हणतो व्हिडिओ म्हणजे चोराला आमंत्रण. त्या घरात सध्या कोण राहतंय, हे दोघंही विचारत नाहीत.

माझं उत्तर असं: लाइव्ह कॉलवर खुशाल दाखवा. पण घरात माणसं राहत असतील तोवर रेकॉर्ड केलेली फाइल कुणाच्याही हातात देऊ नका, एजंटच्या तर नाहीच.

१. गरज आहे का ते आधी बघा

पेठेतल्या घराला व्हिडिओची काडीची गरज पडली नाही. तिथलं गिऱ्हाईक चालत येतं, जिन्यातच भिंतीवर टकटक करून बघतं आणि "पार्किंग नाही का?" म्हणत परत जातं किंवा थांबतं. वाकड, बाणेर, खराडीची गोष्ट वेगळी. तिथे घेणारा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतो, पैसे त्याचे आणि बघायला येणार नांदेडहून त्याचे आई-वडील. अशा माणसाला आधी कॉलवर दाखवलं तर दोघांचेही चार शनिवार-रविवार वाचतात.

घरात भाडेकरू असेल तर त्याला विचारल्याशिवाय कॅमेरा आत न्यायचा नाही. घर तुमचं असलं तरी कपाटं, देव्हारा आणि दोरीवरचे कपडे त्याचे आहेत. दिवस आणि तास त्यालाच ठरवू द्या. वाकडच्या एका घरात आमच्या भाडेकरूने दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात असा वेळ दिला आणि सहा आठवडे कुरकुर न करता पाळला.

२. माणूस पारखा

कॉल ठरवण्याआधी तीन प्रश्न. बजेट किती? लोन सँक्शन झालंय की व्हायचंय? आणि पुण्यात प्रत्यक्ष येऊन घर कोण बघणार? तिसऱ्याचं उत्तर देताना जो चाचरतो, त्याला मी कॉल देत नाही. "मी लष्करात आहे, पोस्टिंग लांब आहे, घर न बघताच टोकन पाठवतो, तुम्ही फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा," असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. तो कोड स्कॅन केला की पिन मागतो, आणि आपल्या खात्यात पैसे यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

३. आवराआवर

ती तुम्हाला येते. फक्त फ्रिजवर चिकटवलेलं लाइट बिल आणि दारामागचा किल्ल्यांचा स्टँड काढा.

४. फाइल कुणाच्या हातात जाते

मी ठेचकाळले ती इथेच. कर्वेनगरचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा सासूबाई तिथेच राहत होत्या. एजंट रोज मागे लागायचा. शेवटी कंटाळून मी मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला, "आणि ही ड्राय बाल्कनी, इथे वॉशिंग मशीनचा पॉइंट आहे," असं बोलत बोलत, आणि पाठवून दिला. त्याने तो त्याच्या ग्रुपवर टाकला, ग्रुपवरून आणखी कुठे कुठे गेला. आठ-दहा दिवसांनी सोसायटीच्या वॉचमनचा फोन: "ताई, तुमचे नवीन भाडेकरू टेम्पो घेऊन आलेत."

गेटवर एक तरुण जोडपं उभं होतं. टेम्पोत गादी, कुलर आणि प्लास्टिकच्या दोन बादल्या. मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर माझंच स्वयंपाकघर होतं, गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाई होत्या आणि आवाज माझाच, "आणि ही ड्राय बाल्कनी." कुणीतरी तो व्हिडिओ भाड्याच्या जाहिरातीत वापरून, अर्ध्या भाड्याचं आमिष दाखवून, त्यांच्याकडून डिपॉझिट म्हणून पंचवीस हजार उकळले होते. नंबर अर्थातच बंद. त्या मुलीला मी पाणी दिलं, मग आम्ही तिघं पोलीस चौकीत गेलो. त्यांचे पैसे परत आले नाहीत. सासूबाई त्यानंतर महिनाभर दाराची कडी दोनदा तपासून झोपायच्या.

तेव्हापासून एजंटला माझं एकच सांगणं असतं: पार्टीला दाखवायचंय ना, मग तुम्ही इथे या आणि इथून कॉल लावा. जो खरंच घर विकू इच्छितो तो येतो. ज्याला फक्त ग्रुपवर माल टाकायचा असतो तो "बघतो मॅडम" म्हणतो. एजंट पारखायला याच्याइतकी सोपी परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

घर रिकामं असेल आणि जाहिरातीसाठी क्लिप लागतच असेल, तर चाळीस सेकंदांपेक्षा मोठी करू नका. काढण्याआधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. पाटी, फ्लॅट नंबर आणि दाराचं कुलूप फ्रेममध्ये येऊ देऊ नका. "फक्त विक्रीसाठी, भाड्याने नाही" ही अक्षरं महिना आणि वर्षासकट चित्राच्या मधोमध टाका. कोपऱ्यात टाकली तर कापता येतात. तोंडी सांगून भागत नाही, कारण आवाज बंद करायला एक सेकंद पुरतो. मधोमध अक्षरं आली की क्लिप दिसायला कुरूप होते, एजंट नाक मुरडतात. मुरडू देत.

आणि लाइव्ह कॉल म्हणजे पूर्ण सुरक्षित, असंही समजू नका. समोरचा स्क्रीन रेकॉर्ड करत असेल तर तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून कॉलवरही माणसं, फोटो, दागिन्यांचं कपाट आणि सीसीटीव्हीचा डबा दाखवायचा नाही. "लॉकर कुठे बसवलाय?" असं विचारणाऱ्याला घर घ्यायचं नसतं. घरात कोणी एकटं राहतं का, दिवसा घरी कोण असतं, यावरही गप्प बसायचं.

५. कॉल

कॉल सकाळचा ठेवा. अमेरिकेतले लोक आपल्या रात्री साडेनऊला फोन करतात, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात कुठलंही घर दवाखान्यासारखं दिसतं. पुण्यात सकाळचे आठ म्हणजे कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. त्यांनाही सोयीचं, आणि तुमच्या घराची पूर्व-पश्चिम न सांगता कळते.

वाइड लेन्स वापरू नका. बिबवेवाडीच्या फ्लॅटला मी शून्य पॉइंट पाचवर दाखवण्याचा शहाणपणा केला होता. दहा बाय अकराची बेडरूम हॉलएवढी दिसली. सोलापूरहून अडीचशे किलोमीटर गाडी हाकत आलेलं कुटुंब सात मिनिटांत परत निघालं, चहासुद्धा घेतला नाही. आता मी लोखंडी टेप घेऊन बसते आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप कॅमेऱ्यासमोर लावते. रेरा, म्हणजे घरबांधणीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याच्या व्याख्येत कार्पेट एरियात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. एजंटने सेलेबलचा, म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरलेला, आकडा फुगवून सांगितला असेल तर तो गैरसमज इथेच मिटलेला बरा.

मग नळ सोडा. पाण्याचा जोर दाखवा आणि टँकर लागतो का ते स्वतःहून सांगा. बाणेर-बालेवाडी, वाघोलीकडचं गिऱ्हाईक हे विचारल्याशिवाय राहतच नाही. खिडकी उघडा आणि समोरची इमारत किती जवळ आहे ते दिसू द्या. ओल असेल तर तीही दाखवा. एका ऑगस्टमध्ये मी वाकडच्या बेडरूमच्या कोपऱ्यातला पोपडा नखाने उचलून दाखवला होता. एजंटने कपाळावर हात मारला. पण घेणाऱ्याने भाव फक्त वॉटरप्रूफिंगच्या खर्चाएवढा पाडला आणि नंतर घासाघीस केली नाही. मे महिन्यात रंग मारून लपवलेली ओल जुलैत बोलतेच.

लॉबी, बाग, पार्किंग दाखवायचं तर कमिटीला आधी सांगा, आणि खेळणारी मुलं फ्रेममध्ये घेऊ नका. सगळं मिळून वीस मिनिटं. तिसऱ्यांदा "अजून एकदा दाखवता का?" आलं की म्हणायचं, आता घरातल्या कुणालातरी पाठवा.

६. कॉलनंतर

घेणाऱ्याच्या बाजूचं माणूस प्रत्यक्ष घरात येऊन जाईपर्यंत मी टोकन घेत नाही. बरेच लोक मला यासाठी वेडी म्हणतात. न बघता दिलेलं टोकन नंतर परत मागितलं जातं, आणि तोवर तुम्ही दोन चांगली गिऱ्हाइकं परत पाठवलेली असतात. कागदपत्रंही त्याच भेटीत, समोर बसून दाखवा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, सरकारी संकेतस्थळावर शोधता येतो, त्याचं काही नाही. पण अख्खा करारनामा पीडीएफ करून पाठवू नका, त्यात तुमचा फोटो, अंगठा आणि ओळखपत्रांच्या प्रती असतात.

व्यवहार झाला की सगळ्या पोर्टलवरची जाहिरात आणि क्लिप स्वतः लॉगिन करून काढा, आणि एजंटलाही त्याच्या ग्रुपवरून काढायला लावा. वाकडच्या दुसऱ्या घराची ताबापावती झाल्यावर नव्या मालकांचा मला फोन आला होता, "ताई, अजून लोक बघायला येतायत." एक पोर्टल माझ्या लक्षातून सुटलं होतं.