गाडी काढण्याआधी: लांबच्या हायवे प्रवासाची आखणी

नकाशावर बोट ठेवून "सहाशे किलोमीटर ना, मग सहा तासांत पोहोचू" असं म्हणणारा माणूस बहुतेक घरांत असतो. आमच्या घरात तो मीच होतो. त्या दिवशी पोहोचायला अकरा तास लागले आणि त्यातले शेवटचे दोन तास मी गाडी कशी चालवली, हे मला आजही नीट आठवत नाही. उशीर झाल्याचं काही वाटलं नाही, पण हे न आठवणं मात्र मनात राहिलं. तेव्हापासून मी आखणीची सुरुवात गाडीपासून करत नाही, चालवणाऱ्यापासून करतो.

१. अंतराचे तास करा

मोबाईलवरचा नकाशा जी वेळ दाखवतो, ती न थांबता चालवण्याची असते. काटा १०० वर दिसत असला तरी टोलनाके, रस्त्याची कामं, चढावर रांगणारे ट्रक, इंधन, जेवण आणि लहान मुलांचे अचानक येणारे थांबे धरले तर दिवसाची सरासरी ताशी ६० च्या आसपास येते. म्हणून सहाशे किलोमीटर म्हणजे दहा तास धरायचे. माझा ठोकताळा सोपा आहे: नकाशाने दाखवलेल्या दर चार तासांमागे एक तास जादा, आणि घाट किंवा पाऊस असेल तर आणखी एक.

मग कुणीतरी म्हणतं, "थोडं जोरात चालवू, वेळ भरून निघेल." हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. तीनशे किलोमीटर ताशी १०० ने गेलात तर तीन तास, ११० ने गेलात तर साधारण पावणेतीन. वाचली जेमतेम १६ मिनिटं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ९० ऐवजी ११० ने जाताना तो जवळपास दीडपट होतो आणि इंधनही जास्त जळतं. एका लांबलेल्या थांब्यात ती १६ मिनिटं कुठे गेली तेही कळत नाही.

दिवसाला किती चालवावं? युरोपीय संघात ट्रक चालवणाऱ्यांना साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि दिवसाचं चालवणं साधारणपणे नऊ तासांवर जाऊ देत नाहीत. ही माणसं रोज हेच काम करतात. वर्षातून दोनदा हायवेवर जाणाऱ्याने स्वतःसाठी सात-आठ तासांची मर्यादा ठेवावी. अंतर त्याहून जास्त असेल तर मध्ये मुक्काम करा आणि त्याची खोली निघण्याआधीच ठरवून ठेवा. "वाटेत बघू" म्हटलं की रात्री दहाला थकलेल्या डोळ्यांनी खोली शोधावी लागते. दोघं चालवणारे असाल तर दर दोन तासांनी आलटून पालटून बसा. पण शेजारच्या सीटवर बसल्या बसल्या काढलेल्या डुलकीला रात्रीची झोप समजू नका.

२. निघायची वेळ झोपेवरून ठरवा

"रात्री निघू, रस्ता मोकळा असतो" हा सल्ला फार प्रेमाने दिला जातो. रस्ता मोकळा असतो हे खरंच आहे. पण मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराचं घड्याळ आपल्याला झोपेकडे ओढत असतं, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पुन्हा थोडं ओढतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडतो. अनेक देशांत याच आकड्यापुढे गाडी चालवणं गुन्हा ठरतं. आता हिशोब करा. सकाळी सहाला उठलात, दिवसभर काम केलंत, रात्री दहाला निघालात, तर १७ तास अकरालाच भरतात. तेव्हा गाडी नुकती शहराबाहेर पडलेली असते.

आदल्या रात्री सात तास झोपून पहाटे पाच-साडेपाचला निघणं मला सगळ्यात मानवतं. त्यासाठी बॅगा आदल्या संध्याकाळीच डिकीत गेल्या पाहिजेत, नाहीतर झोपायच्या वेळी चार्जर शोधणं सुरू होतं. पोहोचायची वेळ अंधार पडण्याआधीची ठेवा. डिपरवर दिव्यांचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटरच पोहोचतो. ताशी १०० च्या वेगात पाय ब्रेकवर जाऊन गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही शंभरेक मीटर लागतात. म्हणजे रात्री त्या वेगात आपण न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असतो.

सूर्य कुठे असेल तेही बघून ठेवा. पश्चिमेकडे जायचं असेल तर सकाळी सूर्य पाठीशी राहतो. तोच रस्ता संध्याकाळी पाचला धरलात तर दोन तास डोळे किलकिले करून चालवावं लागतं, आणि काच आतून मळलेली असेल तर समोरचं काहीच दिसत नाही. काच बाहेरून सगळेच पुसतात. आतूनही पुसा.

३. गाडी दहा दिवस आधी दाखवा

सर्व्हिसिंग आदल्या दिवशी करू नका. उघडलेली वस्तू कधीकधी नीट बसलेली नसते, एखादा पाइप सैल राहतो, एखादं झाकण विसरतं. असे दोष रोजच्या ये-जा करण्यात चार-पाच दिवसांत उघडे पडतात. ते घराजवळ पडलेले बरे. चाकं काढली असतील तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा आवळून घ्या. ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल, वायपरची रबरं, सगळे दिवे आणि तीन-चार वर्षं जुनी झालेली बॅटरी ही नेहमीची यादी कुठल्याही मेकॅनिकला पाठ असते. टायरांकडे मात्र स्वतः वाकून बघा.

टायरच्या बाजूला कोरलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे त्याचं वय सांगतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसली तरी बदला, कारण रबर आतून कडक झालेलं असतं. नक्षीच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. झिजता झिजता टायर त्यांच्या पातळीला आला की खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरते. बऱ्याच देशांत कायद्याची हद्द तिथेच संपते, पावसात मात्र टायरची पकड त्याच्या बरीच आधी सुटू लागते.

हवेबद्दल एक हट्टी गैरसमज आहे: उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवली की टायर फुटत नाही. होतं नेमकं उलट. हवा कमी असली की टायरच्या कडा प्रत्येक फेरीत जास्त दुमडतात, त्या दुमडण्याने तापतात, आणि भरधाव वेगात तास-दोन तास तापलेला असा टायरच फुटतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं असतं. तिथे बहुतेकदा दोन आकडे असतात, मोकळ्या गाडीसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा. प्रवासाला दुसरा धरा. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका. हवा टायर थंड असताना मोजायची, म्हणजे सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. चाललेल्या टायरचं माप तीन ते पाच पीएसआय जास्त दिसतं. ते बघून हवा सोडलीत तर थंड झाल्यावर टायर पुन्हा कमीच भरतो.

४. स्टेपनीची रंगीत तालीम

'स्टेपनी' हा आपल्या तोंडी बसलेला शब्द मुळात एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली. त्याआधीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. आजच्याही बऱ्याच गाड्यांना नसतं, त्याजागी पंक्चर भरायची बाटली आणि छोटा पंप देतात. तुमच्या डिकीत यातलं काय आहे, हे घरीच बघा.

घरासमोर सपाट जागी एकदा चाक बदलून बघाच. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. आधी नट फक्त सैल करा, मग जॅक लावा. चाक हवेत उचलल्यावर घट्ट नट सोडवायला गेलात तर चाकच फिरत बसतं आणि गाडी जॅकवरून सरकू शकते. नवं चाक बसवल्यावर एक नट, मग त्याच्या समोरचा, अशा क्रमाने आवळा आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर लावा. अरुंद स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरतीच आहे.

ही तालीम मी का सांगतो? चोरी होऊ नये म्हणून माझ्या चाकांना प्रत्येकी एक खास नट आहे आणि तो सोडवायला खास चावी लागते. भर हायवेवर पंक्चर झालं तेव्हा जॅक होता, पाना होता, स्टेपनीत हवाही होती. चावी घरातल्या खणात होती, "हरवू नये म्हणून" नीट जपून ठेवलेली.

५. सामान

जड बॅगा खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की ती वस्तू गाडीच्या वेगाने पुढे येते. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली अजिबात नको, ती ब्रेकच्या पॅडलखाली अडकू शकते. जॅक आणि धोक्याचा त्रिकोण सामानाच्या तळाशी गाडू नका. लागणारी औषधं हाताशी ठेवा. मळमळीच्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तेव्हा चालवणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

६. इंधन, घाट आणि नकाशा

मोटारीने पहिला लांबचा प्रवास केला तो मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ यांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, दोन मुलांना घेऊन, जर्मनीतल्या मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर. इंधन संपत आलं तेव्हा ते त्यांनी वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनने साफ केली, आणि उतारांवर ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. आपल्याला पंप मिळतात, पण अनोळखी टापूत टाकी अर्ध्याखाली आली की मिळेल तिथे भरून घ्यावी. "इतके किलोमीटर पुरेल" असं सांगणारा आकडा तुम्ही नुकतं कसं चालवलंत त्यावरून काढलेला असतो आणि चढ लागला की झरझर उतरतो. विजेवरची गाडी असेल तर टप्पे असे पाडा की साधारण २० टक्क्यांवर चार्जिंग लावता येईल आणि ८० ला निघता येईल. त्यापुढे चार्जिंग मंदावतं. प्रत्येक ठिकाणापुढे जवळचं दुसरंही नोंदवून ठेवा, पहिलं बंद किंवा भरलेलं असू शकतं.

ब्रेकचा त्रास आजही उतारावरच होतो. सतत पाय दाबून घाट उतरलात तर ब्रेक तापतात, जुनं ब्रेक ऑईल उकळतं, आणि पॅडल मऊ पडतं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये तर कधीच नको.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. गाडीची कागदपत्रं, विमा आणि रस्त्यावर मदत करणाऱ्या सेवेचा नंबर कागदावरही लिहून ठेवा.

७. रस्त्यावर

दर दोन तासांनी थांबा, झोप आलेली नसली तरी. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर राखा, पावसात चार. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला सुरुवात करा आणि तुमची गाडी तिथे पोहोचेपर्यंत मोजा. पाऊस लागला की क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) बंद.

एसी बराच वेळ आतल्या हवेवर ठेवला तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड गाडीत साठतो आणि सगळेच पेंगायला लागतात. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या. तरीही डोळे जड झाले, मागचा फलक काय होता ते आठवेना, किंवा गाडी लेनबाहेर सरकायला लागली, तर गाणी मोठी करून किंवा काच उघडून काही होत नाही. ताशी १०० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून ८० मीटर. सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. हा उपाय मात्र तासा-दोन तासांपुरता आहे. तेवढ्यात मुक्काम गाठा.

गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर लावा आणि गाडी जमेल तितकी कडेला घ्या. सगळ्यांना रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत किंवा गाडीच्या मागे कुणी थांबू नये. त्रिकोण शंभर मीटर मागे ठेवायचा, पण रहदारी इतकी वेगात असेल की तिथवर चालत जाणंच धोक्याचं, तर त्रिकोणाचा नाद सोडा. तिथे चाकही बदलू नका, मदत बोलवा.

८. परतीचा दिवस

जातानाची आखणी सगळे करतात, परतीची कुणी करत नाही. शेवटच्या दिवशी "एवढं बघून निघू" म्हणत दुपार होते, निघायला तीन वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. म्हणून परतीचे तास आधी मांडा, त्यावरून शेवटच्या मुक्कामाची जागा घराच्या जवळ ओढा, आणि उरलेले दिवस फिरण्यात वाटा. मी हल्ली रजेचा अर्ज करतानाच परतल्यानंतरचा एक दिवस जास्तीचा मागून घेतो. तो अर्धा झोपण्यात जातो आणि अर्धा सीटखालचा कचरा काढण्यात.