घरच्यांचा विरोध असताना कोर्ट मॅरेज करायचं असेल तर

मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झाला की कोणाशी लग्न करायचं ते त्यांनीच ठरवायचं, कायदा एवढा साधा आहे, पण खरी अडचण त्यापुढे सुरू होते.

दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल आणि फक्त जात वेगळी असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने लग्न होतं, त्यात आधी महिनाभराची नोटीस नाही. मात्र विधी खरंच करा, नुसत्या सह्यांवर ते लग्न धरलं जात नाही, मग नोंदणी करून घ्या. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जोडपी उगाच महिनाभर जीव मुठीत धरून राहतात.

धर्म वेगळा आहे आणि कोणालाच बदलायचा नाही, तर मग १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट. दोघांपैकी एकजण तरी नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस ऑफिसात लावतात, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही प्रत जाते, म्हणजे मुलगी पुण्यात नोकरीला आणि नोटीस लातूरला लागलेली, कोणी ओळखीच्याने वाचली की संध्याकाळी घरून फोन येतोच. सज्ञान माणसांनी आपलं लग्न आधी असं जाहीर का करावं? मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण तो आहे तोवर तयारी त्याला धरूनच करायची.

म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, आधार, पासपोर्ट, सगळे ओरिजिनल नोटीस देण्याआधीच स्वतःकडे आणा, एकदा घरच्या कपाटाला कुलूप लागलं की काही हाती येत नाही. बँकेचा ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर जात असेल तर नंबर आधी बदला. साक्षीदार ३ लागतात पण एक-दोघं जास्तीचे सांगून ठेवा, ऐनवेळी कोणीतरी कच खातंच.

हरकत कोणीही घेऊ शकतं, पण कारण कायद्यातलंच लागतं: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, मनाई असलेलं नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं. आईवडिलांना पसंत नाही हे कारण होत नाही. अधिकाऱ्याला ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि हरकत मान्य झाली तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

धमक्या आल्या तर वाट बघू नका, ११२ ला फोन करा आणि पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ साली सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांना संरक्षण द्यायला, जिल्ह्यात विशेष कक्ष ठेवायला सांगितलंय, अर्जात त्याचा उल्लेख कराच. जातपंचायतीने वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नोटिशीचे ३० दिवस संपले की नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न करा, नाहीतर सगळं पहिल्यापासून. सर्टिफिकेटच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच मागून घ्या.