लिनक्सवर वायफाय जोडलं जात नसेल तर

वायफाय चालेना झालं की पुष्कळजण लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि बहुधा दोष तसाच राहतो. कार्ड, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), राउटरशी जोडणी, आयपी पत्ता, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी सेवा): याच क्रमाने तपासत गेलात तर नेमकं कुठे अडलंय ते लगेच कळतं.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) आधी ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा, वायफाय बंद केलेलं आहे का ते त्यात दिसतं. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर ‘यस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरेसं आहे. ‘हार्ड ब्लॉक्ड’समोर ‘यस’ असेल तर आज्ञेचा उपयोग नाही. लॅपटॉपच्या कडेचं बटण, फंक्शन की किंवा बायॉस (संगणक सुरू होतानाची सेटिंग्ज) बघा.

मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा, त्यात संगणकातल्या कार्डांची यादी येते. वायफाय कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ हवी. ओळ आहे, तरी इंटरफेस (लिनक्स त्या कार्डाला ज्या नावाने ओळखतं ती नेटवर्कची नोंद) दिसत नाही? बहुतेक वेळा फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नसतं. ‘सुडो डीएमईएसजी’मध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांमध्ये) फर्मवेअरच्या ओळीत ‘एरर -२’ दिसला, तर फाइलच सापडलेली नाही. इंटेल कार्डासाठी डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ हे पॅकेज लागतं. २०२३च्या डेबियन १२पासून इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर येतं, त्याआधी ते वेगळं घालावं लागे. पॅकेज उतरवायला नेट कुठून आणायचं? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट संगणकाला मिळतं.

ब्रॉडकॉमची काही कार्डं जास्त छळतात. त्यांचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला जातो आणि त्याला त्याच आवृत्तीचे कर्नल हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) लागतात. काल चालणारं वायफाय अपडेटनंतर गेलं, तर आधी हेडर्स तपासा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मोड्यूल, म्हणजे असा ड्रायव्हर, कर्नल घेतच नाही. ज्या डिजिटल किल्लीने मोड्यूलवर सही केली, ती मशीनमध्ये विश्वासाची म्हणून नोंदवावी लागते.

इंटरफेस दिसतो पण ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ त्याला ‘अनमॅनेज्ड’ म्हणतं? डेबियनवर ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ उघडा. तिथे त्या इंटरफेसचं नाव असेल तर नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारी सेवा) त्याला हात लावत नाही. त्या ओळी काढा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

जोडणी झाली तरी पानं उघडत नसतील तर ‘आयपी ॲड्रेस’ बघा. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता असेल तर राउटरकडून डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता देणारी सोय) उत्तर आलेलं नाही. पत्ता बरोबर असेल तर ‘आयपी राउट’मध्ये ‘डीफॉल्ट’ची ओळ (बाहेर इंटरनेटकडे जाणारा मार्ग) शोधा, मग बाहेरून उत्तर येतं का ते पाहायला ‘पिंग ८.८.८.८’ करा. पिंग जातं पण नावाने साइट उघडत नाही, म्हणजे दोष डीएनएसचा.

मधेच तुटत असेल तर ‘आयडब्ल्यू डेव्ह’ने इंटरफेसचं नाव घ्या आणि ‘आयडब्ल्यू डेव्ह <नाव> लिंक’ चालवून सिग्नल पाहा. उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) उत्तम, उणे ८०च्या खाली गेला तर राउटर जवळ आणा. सिग्नल चांगला असूनही तुटतंय? ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह <नाव> सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ करून कार्डाची वीजबचत बंद करून बघा. फरक पडला तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये ‘[कनेक्शन]’ विभागात ‘वायफाय.पॉवरसेव्ह = २’ (२ म्हणजे वीजबचत बंद) लिहा, नाहीतर रीबूटनंतर हा बदल टिकणार नाही.