टॅन्टलम नायट्राइड: भट्टी लावण्याआधी

टॅन्टलम ऑक्साइड अमोनियात तापवून नायट्राइड करायचं, उजेडात पाणी फोडणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी. चष्मा, हातमोजे, फ्यूम हूड: यावर बोलत नाही. टॅन्टलम ऑक्साइडची भुकटी बारीकच घ्या, जाड कणाच्या गाभ्यात ऑक्सिजन अडकून राहतो. अ‍ॅल्युमिनाच्या बोटीत (नावेसारख्या उथळ भांड्यात) ती पातळ पसरा. ढिगाच्या तळाशी अमोनिया नीट पोचत नाही.

आता रिकामी बाटली. बाहेर पडणारा अमोनिया सौम्य सल्फ्युरिक आम्लात सोडायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. भट्टी आणि आम्ल यांच्या मधली रिकामी बाटली मात्र राहून जाते. आम्ल अमोनिया इतक्या झपाट्याने गिळतं की प्रवाह जरा मंदावला तरी आतला दाब पडतो आणि आम्ल उलटं चढतं, थेट तापलेल्या क्वार्ट्झच्या नळीत. बाटलीत सगळं आम्ल मावलं पाहिजे. भट्टीकडची नळी बुचाखालीच संपू द्या. ती तळापर्यंत गेली तर बाटली असून नसल्यासारखी. आम्ल ओतण्याआधी बाटली जोडा. जोडली? पुन्हा बघा.

रेग्युलेटर आणि जोड स्टेनलेस स्टीलचे. पितळ अमोनियाने खराब होतं. आधी नायट्रोजनने नळीतली हवा पूर्ण काढा. हवेत अमोनिया साधारण 15 ते 28 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, इथे घाई नको.

तापमान 850 ते 900 अंश सेल्सिअस, अमोनिया चालू, कित्येक तास. जास्त तापवलं तर नॅनोकण एकमेकांना चिकटून मोठे होतात, मग एवढा खटाटोप कशाला? लालसर भगवा रंग आला तर ठीक. पिवळं दिसलं तर ऑक्सिनायट्राइड, म्हणजे ऑक्सिजन पुरता न गेलेला अर्धवट माल, उरलंय, कुटून परत आत. भट्टी बंद केली तरी अमोनिया लगेच तोडू नका. थंड होताना वायू आकसतो, आम्ल चढायची खरी वेळ हीच. म्हणून ती बाटली. अमोनियानंतर नायट्रोजन, आणि गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.

इलेक्ट्रोड: एफटीओ काच (वीज वाहणारा थर दिलेली) ही उष्णता सोसत नाही, म्हणून भुकटी आधी, काच नंतर. भुकटी द्रवात तरंगवून विजेने काचेवर बसवायची: अ‍ॅसिटोन, चिमूटभर आयोडीन, विद्युतदाब. थर ऋण पट्टीवर बसतो, म्हणून काच तिकडे जोडा. कोबाल्टचा उत्प्रेरक चढवा, नाहीतर पाण्यात उजेड पडताच नायट्राइडचा पृष्ठभाग स्वतःच ऑक्सिडाइज होतो. दिवा 100 मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरला लावून विद्युतप्रवाह मोजा. या पदार्थाची सैद्धांतिक कमाल सुमारे 12.9 मिलिअ‍ॅम्पियर प्रति चौरस सेंटिमीटर; त्याहून जास्त आलं तर आधी दिवा तपासा.